नव्या कारना अ‍ॅव्हरेजचा कायदा आहे, ट्रॅक्टर-मोटारसायकलला कधी?

पूर्णाकाठ (धागाकर्ता), परभणी

गाडी घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅव्हरेज किती? त्या अ‍ॅव्हरेजवर सरकारचाही कायदा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. बाजारात कुठली गाडी राहणार, कुठली बंद पडणार, कुठल्या गाडीला बॅटरी लागणार हे गेली काही वर्षं बऱ्याच अंशी तो कायदा ठरवतोय. त्याची चर्चा होते ती पुण्या-मुंबईच्या कारवाल्यांत. आपल्याकडे मोंढ्यात, पारावर, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कुणी त्यावर बोलत नाही. इंधनाचं बिल मात्र आपल्यालाच जास्त झोंबतं. परभणीचा पेट्रोलचा दर राज्यात सगळ्यात वर, ही बातमी २०१८ मध्ये आली आणि २०२१ मध्येही आली. ज्या डेपोतून इंधन येतं तो लांब, वाहतुकीचा खर्च दरात चढतो.

आधी दोन नियमांची सरमिसळ सोडवू. पहिला भारत स्टेज, म्हणजे बीएस. सायलेन्सरमधून काय विष बाहेर पडतं त्यावर तो मर्यादा घालतो. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ लागू झालं. मग बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६ आलं. डिझेल कारच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती ती साडेचारवर आली, नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर. त्यासाठी इंधनही बदलावं लागलं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आणलं.

दुसरा नियम कॅफे, म्हणजे कंपनीच्या सरासरी अ‍ॅव्हरेजचा. तो २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली येतो आणि बीईई, म्हणजे केंद्राचं ऊर्जा दक्षता ब्युरो, त्याचे आकडे ठरवतं. यात एकेक गाडी तपासत नाहीत. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढतात. २०१७ पासून ती किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आत हवी होती, २०२२ पासून ११३ च्या आत. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे हा हिशेब आणि अ‍ॅव्हरेज एकच. ११३ ग्रॅम म्हणजे लिटरला साधारण २१ किलोमीटर. कायद्यात २०२२ ला दुरुस्ती होऊन दंडही आला: सरासरी १०० किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत चुकली तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २५,००० रुपये, त्याहून जास्त चुकली तर ५०,०००.

आता मुद्दा. कॅफे लागतो फक्त प्रवासी कारना. आपल्या जिल्ह्यात रस्त्यावर उभं राहून बघा, कार किती जातात आणि मोटारसायकली, ट्रॅक्टर किती जातात. प्रदूषणाचा बीएस नियम मोटारसायकलला आहे, पण कंपनीच्या सरासरी अ‍ॅव्हरेजचं बंधन नाही. ट्रॅक्टरचं तर आणखी वेगळं. त्याचे प्रदूषणाचे टप्पे निराळे, त्यांना ट्रेम म्हणतात. १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू झालं ते ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना. आपल्या शिवारात चालतात ३५ ते ५० एचपीचे. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातलं सगळ्यात जास्त डिझेल पिणारं यंत्र अ‍ॅव्हरेजच्या कायद्याबाहेर आणि धुराच्या जुन्या टप्प्यावर.

अ‍ॅव्हरेजचा हा नियम शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे आणि आपण तो मागून घेतला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तुमचे अनुभव आणि विरोध दोन्ही मोकळेपणानं मांडा.

शेंद्राकर

धागा आवडला. मी वाळूजच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणून कारखान्याच्या बाजूनं लिहितो. बीएस-६ आलं तेव्हा दुचाकीचा कार्ब्युरेटर जवळजवळ संपला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर) आले. ज्यांनी आधी तयारी केली होती त्यांना नवं काम मिळालं. जे फक्त कार्ब्युरेटरचे भाग करत बसले त्यांच्या शेडवर "भाड्याने देणे आहे" लागलं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा हा पट्टाच गाड्यांवर जगतो आणि आता बिडकीनलाही गाड्यांचेच मोठे प्रकल्प येऊ घातलेत. त्यामुळे दिल्लीत नियमाचा एक आकडा बदलला की इथल्या शिफ्ट बदलतात. नियम कडक असायला माझी हरकत नाही. तो पाच-सात वर्षं आधी कळावा आणि ऐनवेळी बदलू नये, एवढीच कारखान्याची गरज असते.

कॅफेतल्या दोन गोष्टी धाग्यात राहिल्या. एक, कंपनीचं लक्ष्य तिच्या गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरतं. गाड्या जड असतील तर सूट जास्त मिळते. दोन, इलेक्ट्रिक गाडी सरासरी काढताना तीन गाड्या म्हणून मोजतात, स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्ही असलेली) दोन. म्हणून मोठ्या एसयूव्ही विकणारी कंपनी थोड्या इलेक्ट्रिक विकून सरासरीत बसते. एप्रिल २०२७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्याचा जो मसुदा सप्टेंबर २०२५ ला आला, त्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली होती. त्यावर कंपन्यांतच दोन तट पडले. माझ्या मते वजनाला सूट देणं हीच मूळ खोट आहे. हलकी गाडी घेणारा माणूस कमी इंधन जाळतो, त्याच्या गाडीला लक्ष्य मात्र जास्त कडक.

साधा_हिशेब (बीड)

माझा विरोध नोंदवा. नियम आला की किंमत वाढते. बीएस-६ ला मोटारसायकल हजारोंनी महागली, छोट्या डिझेल कार तर बाजारातूनच गेल्या. देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीनं २०२० ला डिझेल सोडलं. आमच्याकडे डिझेल कार म्हणजे चैन नव्हती. बीड-परळी-अंबाजोगाई करणाऱ्याची ती रोजीरोटी होती. ट्रॅक्टरला असला नियम लावला आणि ट्रॅक्टर लाख-दीड लाखानं वाढला तर कर्ज कुणी काढायचं? सोयाबीनचा भाव बघताय ना? आधी शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येऊ द्या, मग हवेचं बघू.

पूर्णाकाठ

साधा हिशेब, तुमची काळजी खरी आहे आणि ती टाळून पुढं जाता येणार नाही. पण किंमत वाढली ती प्रदूषणाच्या नियमानं, कारण त्यात गाळणी, कॅटॅलिस्ट (धुरातले विषारी वायू निवळवणारा भाग), सेन्सर असं सामान वाढतं. अ‍ॅव्हरेजच्या नियमाचं गणित निराळं, तिथं घातलेला पैसा पंपावर परत मिळतो. मोटारसायकल ५० ऐवजी ६० देऊ लागली तर ६०,००० किलोमीटरला १,२०० लिटरऐवजी १,००० लिटर लागतील. लिटरला १०० रुपये धरले तरी २०,००० रुपये वाचले. गाडी त्यापायी पाच-सात हजारांनी महागली तरी घेणारा फायद्यात. अडचण अशी की किंमत एकदम दिसते आणि बचत पावशेर-पावशेर येते, म्हणून बाजारात बचतीची मागणी पुरेशी होत नाही. कायदा लागतो तो तेवढ्यासाठी. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ ला कॅफे आलं ते हवेसाठी नव्हतं, इंधन वाचवण्यासाठी होतं.

औसा_रोड (लातूर)

साहेब, नियम चांगला हाय, मान्य. पण आमच्या पिकअपचं ऐका. धाकटा भाऊ रोज पहाटे भाजीपाला घेऊन लातूरला जातो. गाव ते मंडई बारा किलोमीटर, मधी तीन ठिकाणी थांबून माल भरायचा, इंजन चालूच. बीएस-६ गाडी घेतल्यापासून तो पिवळा दिवा सारखा लागायलाय. मग गाडी ओढतच नाय, चाळीसच्या वर जात नाय. सर्व्हिस सेंटरला नंबर लागेपर्यंत माल नासतो. मागच्या पावसाळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या गाडीतच पिवळ्या पडल्या. आता एक गॅरेजवाला म्हणायलाय, आतली जाळी काढून टाकतो, कॉम्प्युटरमधून दिवाच बंद करतो. भाऊ तयार झालाय. मी थांबवलंय त्याला, पण किती दिस थांबवू? जाणकारांनी सांगा.

मिस्त्री_गेवराई

औसा रोड भाऊ, थांबवलं ते बरं केलं. काढू देऊ नका.

तुम्ही म्हणता ती जाळी म्हणजे डीपीएफ, सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली सिरॅमिकची गाळणी. काजळी तिच्यात अडकते. ती भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि आतली काजळी जाळून टाकतं. त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं साठच्या आसपास पळावी लागते. तुमची गाडी जाळायला सुरुवात करते तोवर पुढचा थांबा येतो, चावी बंद होते, काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की ते जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आजच डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वर गेलेली दिसली, डिझेलचा वास आला, तर ऑइल ताबडतोब बदला आणि डीपीएफच्या गाडीला चालणारं कमी राखेचंच घाला. पिवळा दिवा लागला की त्याच दिवशी रिकामी गाडी तुळजापूर रस्त्याला न्या, एक गिअर खाली ठेवून सलग पळवा. इंजिनचा दिवा लागेपर्यंत वाट बघितली तर मग स्कॅनर लावल्याशिवाय जमत नाही.

आणि खरी अडचण हीच आहे. स्कॅनर लावून उभ्या गाडीचं रिजनरेशन करता येतं, पण कंपनीचं सॉफ्टवेअर आम्हा बाहेरच्या मिस्त्र्यांना मिळत नाही. गाडी गेवराईची आणि इलाज संभाजीनगरला. सरकारनं नियम लावला तेव्हा तालुक्याच्या गॅरेजला हे शिकवायची, यंत्र द्यायची सोय केली असती तर जाळी काढायचा धंदा उभाच राहिला नसता.

आणखी एक कळकळीची विनंती. मोठ्या गाड्यांना डीईएफ, म्हणजे धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं द्रव, लागतं; त्याला सगळे युरियाच म्हणतात. म्हणून काही जण खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओततात. माझ्याकडं एक टिप्पर आला होता. टाकीचं झाकण उघडलं तर काठाला पिवळट खडे धरलेले आणि निंबोळीचा उग्र वास. खताचा युरिया २०१५ पासून निमकोटेड असतो. ते तेल आणि खतातली बाकीची घाण जाऊन कॅटॅलिस्टवर बसते. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं, दुसरं काहीच नाही. त्या टिप्परचा पंप गेला, नोझल गेलं, शेवटी कॅटॅलिस्टही बदलावा लागला. डब्याचे पैसे वाचवायला गेला आणि हंगामाची कमाई घालवून बसला माणूस.

श्वसन_जालना

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. गाळणी काढणाऱ्यांसाठी लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्या गटात. काजळीचे हे कण इतके बारीक असतात की फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातात. त्यांचा सगळ्यात जास्त मारा कुणावर होतो? गाडी सुरू ठेवून मागं माल भरणाऱ्या हमालावर आणि मंडईत दिवसभर बसणाऱ्या बाईवर.

प्रदूषण दिल्लीत, आपल्याकडे मोकळी हवा, असं अजूनही ऐकतो. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला. महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा ठरलेल्या पातळीत बसत नाही त्यांच्या यादीत जालना, लातूर आणि संभाजीनगर ही तिन्ही आहेत. सगळा दोष गाड्यांचा नाही. जालन्यात कारखाने आहेत, उखडलेल्या रस्त्यांची धूळ आहे, उघड्यावर जळणारा कचरा आहे. तरी नाकासमोर, श्वासाच्या उंचीवर सुटणारा धूर गाडीचाच असतो. औसा रोड, भावाला माझ्यातर्फे सांगा, ती जाळी त्याच्याही छातीसाठी आहे.

केजची_ताई

ट्रॅक्टरचा विषय काढलात म्हणून लिहिते. मी शिक्षिका आहे, स्कूटीवर शाळेत जाते. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याला लागतात. चढाला त्यांचा धूर इतका काळा असतो की ओव्हरटेक करावं तर पुढचं दिसत नाही, मागं राहावं तर श्वास कोंडतो. त्याच ट्रॉलीत उसावर ऊसतोड कामगारांची लेकरं बसलेली असतात. कारला साडेचार मिलिग्रॅमची मर्यादा आणि या लेकरांच्या पुढ्यातल्या इंजिनाला जुना टप्पा, हे मला पटत नाही.

समृद्धीवरून

अ‍ॅव्हरेजचा जो आकडा कंपनी सांगते तो येतो कुठून, तेही लिहायला हवं. गाडी एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत रोलरवर चढवून ठरलेल्या पद्धतीनं वीसेक मिनिटं चालवतात. सर्वाधिक वेग ९०, एसी बंद, खोलीचं तापमान तिसाच्या आत. आपण मे महिन्यात ४२ अंशांत एसी लावून जालन्याहून समृद्धीवर १२० ला जातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. मग लिटरमागं पाच-सहा किलोमीटर कमी पडले की लोक म्हणतात फसवलं. फसवणूक नसते, चाचणीच मवाळ आहे. कॅफेच्या तिसऱ्या टप्प्यात डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी प्रस्तावित आहे. तिच्यात वेळ जास्त आणि वेगही जास्त, त्यामुळे कागदावरचा आकडा खाली येईल आणि खऱ्याच्या जवळ जाईल.

धुराच्या बाबतीत हे आधीच झालंय. जर्मनीतल्या एका बड्या कंपनीचं सॉफ्टवेअर २०१५ ला उघडं पडलं. चाचणीच्या खोलीत इंजिन साळसूद, रस्त्यावर मोकाट. त्यानंतर जगभर रस्त्यावरच्या चाचणीचा आग्रह वाढला. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात गाडीच्या मागं मोजणी यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावर धूर तपासतात. अ‍ॅव्हरेजलाही तसंच करा आणि तो आकडा शोरूममध्ये गाडीच्या काचेवर चिकटवा.

मांजराकाठ

इथेनॉलशिवाय आपल्याकडे ही चर्चा पुरी होणार नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात अ‍ॅव्हरेज घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अंदाज दिलेत: ई-० (बिनइथेनॉलचं पेट्रोल) साठी बनवलेल्या आणि ई-१० (दहा टक्के इथेनॉल) ला जुळवलेल्या कारमध्ये ६-७ टक्के, तशाच दुचाकीत ३-४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या कारमध्ये १-२ टक्के. म्हणजे जुनी गाडी वापरणाऱ्या गरिबावर बोजा जास्त. मी ऊस उत्पादक आहे, इथेनॉलमुळे कारखान्याकडून बिल वेळेवर निघायला मदत होते, हे मी स्वतः बघतो. तरी म्हणतो की पंपावर ई-२० चा दर त्याच्या ऊर्जेप्रमाणे कमी हवा. आणि ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं इंधनासाठी ऊस किती वाढवायचा याचाही विचार व्हावा. मका आहे, खराब धान्य आहे.

साधा_हिशेब (बीड)

पूर्णाकाठ, मोटारसायकलचं गणित पटलं. ट्रॅक्टरचं अजून पटत नाही. मोटारसायकलला किलोमीटर मोजता येतात. ट्रॅक्टर एक दिवस नांगरणी करतो, एक दिवस रोटाव्हेटर, एक दिवस नुसती ट्रॉली. काळ्या रानात आणि मुरमाड रानात डिझेल वेगळं लागतं. नियम लावणार कशाला? आणि आज ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर कमी पिणारा कोणता, हे शेतकऱ्यानं ओळखायचं कसं? माझा पुतण्या ४५ एचपीचा बघतोय, म्हणून खरंच विचारतोय.

पूर्णाकाठ

फार चांगला प्रश्न. मोजायची पद्धत तयार आहे आणि जुनी आहे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथं पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, भार टाकून इंजिन किती डिझेल खातं ते मोजतात आणि अहवाल प्रसिद्ध करतात. त्यात किलोवॉट-तासाला किती ग्रॅम डिझेल, असा आकडा असतो. रान कुठलंही असो, तेवढीच ताकद द्यायला कुठलं इंजिन जास्त पितं ते त्यावरून कळतं. आपल्या कामाचं म्हणजे, हीच चाचणी ४३ अंशांच्या आसपासच्या तापमानातही घेतात. तो तक्ता आवर्जून बघायचा, कारण आपली नांगरट एप्रिल-मेमधलीच.

उदाहरण करून दाखवतो. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर ३० किलोवॉट धरा. एका इंजिनाचा आकडा २५० ग्रॅम असेल तर तासाला साडेसात किलो, म्हणजे सुमारे ९ लिटर. दुसऱ्याचा २८० असेल तर तासाला १० लिटरच्या थोडं वर. पूर्ण भारावर तासाला लिटरभर फरक. वर्षात पाचशे तास जड काम झालं तर पाचशे लिटर डिझेल. शोरूममध्ये हा आकडा कुणी सांगत नाही, एचपी आणि हप्ता सांगतात. बीईईचे तारे फ्रिजवर असतात, पंख्यावर असतात; बुदनीचा हा आकडा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चिकटवणं सक्तीचं करा, ही पहिली मागणी. किमान मर्यादा त्यानंतर, आणि तीही पाच वर्षांची मुदत देऊन, म्हणजे शेंद्राकरांच्या कारखान्यालाही तयारीला वेळ मिळेल.

पुतण्याला सांगा, जो ट्रॅक्टर मनात आहे त्याच्या मॉडेलच्या बुदनी अहवालाची प्रत डीलरकडे मागायची. डीलर टाळाटाळ करायला लागला तर अहवाल हातात पडेपर्यंत बुकिंगचे पैसे द्यायचे नाहीत.

मिस्त्री_गेवराई

यात माझी भर. अहवाल बघताना पूर्ण भाराबरोबर कमी भाराचे आकडेही बघा. ट्रॉली, पेरणी, फवारणी ही सगळी हलकी कामं, वर्षातले जास्त तास त्यातच जातात. आणि हलक्या कामाला गिअर वरचा टाका, थ्रॉटल कमी ठेवा. लोक खालच्या गिअरात फुल थ्रॉटलवर पेरणी करतात आणि डिझेलच्या नावानं ओरडतात. फक्त सायलेन्सरमधून काळा धूर यायला लागला की समजायचं इंजिन दबतंय, मग एक गिअर खाली घ्या. एअर क्लीनरचं ऑइल धुळीच्या दिवसांत रोज तपासा, पंक्चरवाल्याकडून मागच्या चाकाची हवाही बघून घ्या.